अठ्ठावीस बाजूंचे गाव

मराठी वाचकाला टस्कीगी हे नाव नवे नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले हे लहानसे गाव आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्याही ओळखीचे झाले. भुईमूग, रताळी, कापसाने निकस केलेली जमीन आणि त्या जमिनीशी बोलणारा एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ, एवढे टस्कीगी आपल्याला माहीत असते. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये तिथल्या शिक्षणसंस्थेत आले आणि जानेवारी १९४३ मध्ये तिथेच वारले. संस्थेच्या आवारात, संस्थेचे पहिले प्राचार्य बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरले.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १९५७ साली, अलाबामाच्या विधिमंडळाने एक छोटा कायदा करून टस्कीगी गावाची हद्द बदलली. नवी हद्द अशी आखली होती की ती संस्थाच गावाबाहेर गेली. कार्व्हरांची प्रयोगशाळा, त्यांची कबर, प्राध्यापकांची घरे हे सारे कायद्याच्या दृष्टीने टस्कीगी राहिले नाही. त्या घरांमधली माणसे मतदार होऊ लागली होती, म्हणून हा खटाटोप होता.

प्रस्तुत लेख त्या मताविषयी आहे. काही हजार वस्तीच्या या गावाने जवळजवळ शंभर वर्षे एकाच प्रश्नाशी झुंज दिली: मताचा हक्क मिळाला म्हणजे नेमके काय मिळाले? राज्यघटनेत हक्क लिहिला गेला तरी यादीत नाव लागावे लागते. यादीत नाव लागले तरी ती यादी कोणत्या हद्दीची, हे दुसरेच कोणी ठरवते. आणि यादी व हद्द दोन्ही हाती आल्यावर मिळालेल्या बहुमताचे करायचे काय, हा तिसरा प्रश्न उरतो. टस्कीगीला हे तिन्ही प्रश्न याच क्रमाने सोडवावे लागले.

मतांच्या सौद्यातून शाळा

टस्कीगी हे मेकन काउंटीचे मुख्य ठिकाण. राज्याची राजधानी माँटगोमेरी पश्चिमेला सुमारे ६५ किलोमीटरवर. हा काळ्या मातीचा, कापसाच्या मळ्यांचा पट्टा. मळ्यांवर राबणारे गुलाम संख्येने मालकांपेक्षा कितीतरी जास्त होते. यादवी युद्धानंतर गुलामी संपली आणि १८७० साली घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. जिथे गुलाम बहुसंख्य होते तिथे आता तेच बहुसंख्य मतदार झाले. मेकन काउंटीतून जेम्स ऑल्स्टन हा पूर्वीचा गुलाम, धंद्याने चर्मकार, राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला.

१८७० साली त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. तो जिवानिशी वाचला, पण त्याला काउंटी सोडून पळावे लागले. पुढे काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्याने याची साक्ष दिली. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली ज्या अमेरिकी सत्पुरुषांना अर्पण केला, त्यांनी गुलामांना मुक्त केले होते हे खरेच. पण ती अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा त्या मुक्तीचे राजकीय फळ मेकन काउंटीत हिरावून घ्यायला सुरुवात झाली होती.

तरीही मत एकदम संपले नाही. काही वर्षे ते उरले आणि उरले होते तोवर त्याला भाव होता. १८८० साली डब्ल्यू. एफ. फॉस्टर हे डेमोक्रॅटिक पक्षाचे गृहस्थ राज्याच्या सिनेटसाठी उभे होते. त्या काळी दक्षिणेतला डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे जुन्या मळेवाल्यांचा पक्ष. फॉस्टर स्वतः गुलामीच्या बाजूने युद्धात लढलेले कर्नल होते. मुक्त झालेले गुलाम सहसा लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला मत देत. फॉस्टर यांनी गावातल्या लुईस अॅडम्स यांना विचारले, तुमच्या लोकांची मते मला मिळवून दिलीत तर काय हवे? अॅडम्स जन्माने गुलाम. पत्र्याचे काम, खोगिरे आणि जोडे यांत वाकबगार. त्यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. आमच्या मुलांसाठी एक शाळा द्या, म्हणाले.

फॉस्टर निवडून आले आणि त्यांनी शब्द पाळला. शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर झाले, इमारतीसाठी मात्र एक पैसाही नाही. ४ जुलै १८८१ रोजी पहिला वर्ग भरला. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे कर्तृत्व, पुढे कार्व्हरांचे संशोधन, हे सारे त्या शाळेत घडले आणि ती शाळा मतांच्या एका सौद्यातून जन्मली होती. मत हातात असलेला समाज काय मिळवू शकतो याचा हा टस्कीगीतला पहिला धडा होता.

यादी

१९०१ साली अलाबामाने नवी राज्यघटना केली. कृष्णवर्णीयांना मत देऊ नये असे त्यात कुठे लिहिलेले नव्हते. तसे लिहिले असते तर पंधराव्या दुरुस्तीचा सरळ भंग झाला असता. त्याऐवजी अटी घातल्या. लिहितावाचता आले पाहिजे, किंवा ४० एकर जमीन अथवा ३०० डॉलरची मालमत्ता पाहिजे. वर्षाला दीड डॉलर मतकर भरला पाहिजे, आणि तो थकला तर थकबाकी साठत साठत ३६ डॉलरपर्यंत जाई. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्जदार पात्र आहे की नाही हे काउंटीच्या नोंदणी मंडळाने ठरवायचे. मंडळाचे तीन सदस्य राज्याचे पदाधिकारी नेमत.

इथे आपल्याकडच्या वाचकाने एक फरक ध्यानात घ्यावा. भारतात मतदारयादी तयार करणे हे निवडणूक आयोगाचे काम. कर्मचारी घरी येऊन नावे लिहून घेतात. अमेरिकेत नाव नोंदवण्याची जबाबदारी नागरिकाची. त्या काळी त्याला कचेरीत जावे लागे, आणि कचेरी उघडी असावी लागे. टस्कीगीची पुढची साठ वर्षे या दोन गोष्टींत गेली.

घटनेचा परिणाम तत्काळ दिसला. १९०० साली अलाबामात मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय पुरुष १,८०,००० हून अधिक होते. १९०३ मध्ये यादीत उरले तीन हजारांच्या आसपास.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात आपल्या लोकांना सल्ला दिला होता की आधी हाताला काम, पदरी मालमत्ता. राजकीय हक्कांची घाई नको. त्याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण याच वॉशिंग्टनांनी १९०१ च्या घटनेविरुद्धच्या खटल्याला गुपचूप पैसे पुरवले. गाइल्स विरुद्ध हॅरिस या नावाने तो खटला १९०३ साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि हरला. न्यायमूर्ती होम्स यांचे म्हणणे असे की सारी यादीच लबाडीची आहे असे तुम्ही म्हणता, मग त्याच यादीत तुमचे नाव घालून आम्ही काय साधणार? दाद मागायची तर राजकीय मार्गाने मागा. ज्याला मतच नाही त्याने राजकीय मार्गाने दाद कशी मागायची, हे त्यांनी सांगितले नाही.

वॉशिंग्टन १४ नोव्हेंबर १९१५ रोजी वारले. त्यांच्या सल्ल्याचा पहिला भाग टस्कीगीने अक्षरशः पाळला. संस्था वाढली. १९२३ मध्ये कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचे मोठे रुग्णालय गावाला लागून उघडले आणि बऱ्याच झगड्यानंतर त्याचे डॉक्टर व कर्मचारीही कृष्णवर्णीय झाले. दक्षिणेत इतरत्र बहुतेकांची भाकरी गोऱ्या जमीनमालकाच्या हाती होती. टस्कीगीत प्राध्यापक, डॉक्टर, परिचारिका, कारकून असा वर्ग उभा राहिला आणि त्यांचा पगार गावातल्या कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. काम मिळाले, मालमत्ता झाली. वॉशिंग्टनांच्या सल्ल्याप्रमाणे आता हक्क मिळायला हवे होते. टस्कीगीत या गृहीतकाची परीक्षा झाली.

चार्ल्स गोमिलियन १९२८ साली संस्थेत शिकवायला आले. समाजशास्त्राचे प्राध्यापक, बोलणे मोजके, वागणे अतिशय शिस्तीचे. त्यांचे स्वतःचे नाव मतदारयादीत लागायला १९३९ साल उजाडले, कारण अर्जदाराच्या लायकीची हमी गोऱ्या मतदारांनी द्यावी असा तेव्हा मेकन काउंटीचा दंडक होता. १९४१ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी टस्कीगी नागरिक संघ उभा केला. संघाचे काम कंटाळवाणे होते आणि तेच त्याचे बळ ठरले. विल्यम मिचेल हे रुग्णालयातले कर्मचारी वर्षानुवर्षे नोंदी ठेवत: मंडळ कोणत्या दिवशी बसले, किती वाजता उठले, किती लोक रांगेत होते, किती अर्ज घेतले, किती प्रमाणपत्रे दिली.

त्या नोंदींतून मंडळाची रीत उघड होते. कृष्णवर्णीय अर्जदारांना वेगळ्या खोलीत बसवत आणि एका वेळी दोघांनाच आत घेत. अमेरिकी घटनेतले लांबलचक कलम हाताने उतरवून काढायला लावत. त्यात तास जाई. गोऱ्यांना अर्ज भरायला मदत मिळे. रांग फार वाढली की मंडळाचे सभासद राजीनामे देत आणि महिनोन्‌महिने मंडळच नसे. १९५८ च्या डिसेंबरात केंद्राच्या नागरी हक्क आयोगाची पहिली सुनावणी माँटगोमेरीत झाली, तेव्हा टस्कीगीतले उच्चशिक्षित लोक एकामागून एक साक्षीला उभे राहिले. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला ‘साक्षरतेच्या’ कसोटीत नापास ठरवले होते. सरकारने मंडळावर खटला भरला तर सभासदांनी राजीनामे दिलेले, त्यामुळे प्रतिवादीच उरला नाही. शेवटी १९६० च्या कायद्यात काँग्रेसला लिहावे लागले की अशा वेळी खुद्द राज्यावर दावा लावता येईल.

हद्द

एवढे अडथळे असूनही नावे एकेक करून लागतच होती. १९५० च्या दशकाच्या मध्यास टस्कीगी गावात सुमारे ५,४०० कृष्णवर्णीय व १,३१० गोरे राहत होते. मतदार मात्र गोरे ६०० च्या आसपास आणि कृष्णवर्णीय ४००. आणखी थोडी वर्षे हेच चालले असते तर नगर परिषदेचा निकाल कृष्णवर्णीय मतांवर ठरला असता.

मेकन काउंटीचे सिनेटर सॅम एंगलहार्ट हे मळेवाले आणि वर्णभेदाच्या समर्थनार्थ निघालेल्या गोऱ्यांच्या नागरिक परिषदांचे राज्यातले प्रमुख कार्यकर्ते. यादीवर भिस्त ठेवण्यात आता अर्थ नाही हे त्यांनी ओळखले. अलाबामात गावाची हद्द विधिमंडळ स्थानिक कायद्याने ठरवू शकत असे. एंगलहार्ट यांनी १९५७ मध्ये स्थानिक कायदा क्रमांक १४० आणला. आपल्याला हद्दवाढ परिचयाची आहे. ही हद्दकपात होती. तोवर टस्कीगीचा आकार चौकोनी होता. नवी रेषा गल्लीबोळांतून, घरामागून वळणे घेत गेली आणि अठ्ठावीस बाजूंची एक आकृती तयार झाली. तिच्या आत ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच उरले. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही.

यादीत नाव होते, मतही होते. फक्त गाव काढून घेतले होते. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यभरच्या मतदारांनी आणखी एक घटनादुरुस्ती मंजूर केली, जिच्यामुळे संपूर्ण मेकन काउंटीच मोडून शेजारच्या काउंट्यांत वाटून टाकण्याचा मार्ग मोकळा झाला. ते प्रत्यक्षात आले नाही, पण विचार कोणत्या थराला गेला होता हे त्यावरून दिसते.

२५ जून १९५७ रोजी चर्चमध्ये सभा भरली. लोक आत मावेनात म्हणून बाहेर उभे राहिले. गावातल्या बाजारपेठेचे गिऱ्हाईक बहुतांशी कृष्णवर्णीय होते. अलाबामात बहिष्कार पुकारणे गुन्हा होता, म्हणून संघाने बहिष्कार हा शब्दच टाळला. आपल्या पैशाची वस्तू आपल्या मित्रांकडून घ्या, एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवसापासून गोऱ्यांच्या दुकानांत शुकशुकाट झाला. राज्याच्या महाधिवक्त्यांनी संघाच्या कचेरीवर छापा घालून कागदपत्रे नेली, कोर्टाची मनाई आणली. पण कोणत्या दुकानात जायचे हे माणसाला सक्तीने सांगता येत नाही आणि कोर्टातही राज्याची डाळ शिजली नाही. कित्येक दुकाने कायमची बंद पडली. हे काही दिवसांचे नव्हते, वर्षांचे होते. १८८० मध्ये मताला भाव होता म्हणून शाळा मिळाली. १९५७ मध्ये मत हिरावले तेव्हा त्याच शाळेने घडवलेल्या वर्गाने खरेदीचे शस्त्र काढले.

बाजारपेठ रिकामी झाली, तरी हद्द जागची हलली नाही. १९५८ मध्ये गोमिलियन आणि सहकाऱ्यांनी महापौर फिल लाइटफूट व इतरांवर दावा लावला. त्यांचे वकील फ्रेड ग्रे तिशीच्याही आत होते. माँटगोमेरीच्या बस बहिष्कारात रोझा पार्क्स यांची बाजू त्यांनीच मांडली होती. खालच्या कोर्टात न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी दावा फेटाळला. गावाची हद्द ठरवणे हा राज्याचा अधिकार, त्यात कोर्टाला हात घालता येत नाही. अपिलातही दोन विरुद्ध एक असा पराभव झाला.

ऑक्टोबर १९६० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ग्रे यांच्यासोबत रॉबर्ट कार्टर हे नामांकित वकील होते. ग्रे यांनी न्यायालयात एक मोठा नकाशा लावला: जुना चौकोन आणि त्याच्या पोटात नवी वेडीवाकडी आकृती. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी विचारले, यात टस्कीगीची संस्था कुठे आहे? ग्रे म्हणाले, ती हद्दीत नाहीच. साऱ्या देशाला टस्कीगी माहीत होते ते त्या संस्थेमुळे. हा प्रश्न विचारणारे फ्रँकफर्टर मतदारसंघांच्या वादात न्यायालयाने पडू नये या मताचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९४६ च्या एका निकालात त्यांनी ते लिहूनही ठेवले होते.

निकाल लागला १४ नोव्हेंबर १९६० रोजी. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निधनाला त्या दिवशी बरोबर पंचेचाळीस वर्षे होत होती. निकाल एकमताचा होता आणि लिहिला होता फ्रँकफर्टर यांनीच. आरोप खरे असतील तर ही नगररचना नव्हे, कृष्णवर्णीय मतदारांना त्यांच्या मतासकट गावाबाहेर काढण्याची युक्ती आहे. राज्याचा हद्द ठरवण्याचा अधिकार कितीही मोठा असो, तो पंधराव्या दुरुस्तीपुढे चालणार नाही. निकालपत्राला तो नकाशाही जोडला होता. पुढे मतदारसंघांची लोकसंख्या सारखी असली पाहिजे हे तत्त्व १९६२ व १९६४ च्या निकालांनी प्रस्थापित केले, त्यासाठी दार किलकिले झाले ते इथे.

१९६१ च्या प्रारंभी न्यायाधीश जॉन्सन यांनी कायदा १४० रद्द ठरवला आणि जुना चौकोन परत आला. मार्चमध्ये त्यांनीच नोंदणी मंडळाला भेदभाव थांबवण्याचा कडक आदेश दिला. ६४ जणांची नावे ताबडतोब यादीत घालायला लावली. हद्दीचा दावा फेटाळणारे न्यायाधीश आता यादी उघडणारे झाले. नावे भराभर लागू लागली.

बहुमताचे काय करायचे?

१९६४ उजाडेपर्यंत मेकन काउंटीच्या यादीत कृष्णवर्णीयांचे बहुमत झाले होते. १९६० च्या शिरगणतीप्रमाणे काउंटीत त्यांची संख्या सुमारे ८४ टक्के होती. ऑगस्टमधल्या नगर परिषदेच्या निवडणुकीत सगळ्याच जागा घेणे आवाक्यात होते.

गोमिलियन यांनी तसे न करण्याचे ठरवले. त्यांचे म्हणणे असे की आपला लढा काळ्यांच्या राज्यासाठी नव्हता. वर्ण न पाहता माणूस निवडला जावा यासाठी होता, आणि या ध्येयाला ते ‘नागरी लोकशाही’ म्हणत. आज संख्येच्या बळावर सारे घेतले तर कालच्या गोऱ्यांत आणि आपल्यात फरक काय? शिवाय गोऱ्यांना कारभाराचा अनुभव होता आणि त्यांनी गाव सोडून जावे असे गोमिलियन यांना वाटत नव्हते. संघाच्या गटाने परिषदेसाठी रेव्हरंड केनेथ ब्यूफर्ड आणि प्राध्यापक स्टॅन्ली स्मिथ या दोन कृष्णवर्णीयांना उभे केले आणि बाकी जागांवर मवाळ गोऱ्यांना पाठिंबा दिला.

या भूमिकेला गावातूनच विरोध झाला. डेट्रॉइट ली यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वेगळा गट काढून जास्त जागा लढवल्या. त्यांचा प्रश्न सोपा होता. ६०० गोरे मतदार ४०० कृष्णवर्णीयांवर सारा कारभार चालवत होते तेव्हा त्यांना संयम कोणी शिकवला नाही. मग बहुसंख्य झाल्यावर आम्हीच का थांबायचे? आणि गरीब शेतमजूर, ज्याच्या रस्त्याला डांबर नाही आणि घराला गटार नाही, त्याने प्राध्यापकांच्या या औदार्याची किंमत का मोजायची?

मतदारांनी गोमिलियन यांचे ऐकले. ब्यूफर्ड व स्मिथ निवडून आले, परिषदेतले बहुमत गोऱ्यांकडे राहिले, महापौर गोरा राहिला. पूर्वी ज्यांना हद्दीबाहेर काढले होते त्यांनी, सत्ता हाती असताना, काढणाऱ्यांना आत ठेवले. निवडणुकांच्या इतिहासात असे क्वचितच घडते.

हा तोल फार टिकला नाही. ३ जानेवारी १९६६ च्या रात्री सॅमी यंग या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला एका पेट्रोल पंपावर गोळी घालून ठार केले. तो नौदलात राहून आलेला होता आणि त्याच दिवशी कचेरीसमोर मतदार नोंदणीच्या रांगांत काम करत होता. भांडण झाले ते गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या स्वच्छतागृहावरून. आरोपीचा खटला शेजारच्या काउंटीत चालला आणि डिसेंबरात सर्व गोऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. त्या रात्री विद्यार्थ्यांनी गावचौकातल्या गुलामीवादी सैनिकाच्या पुतळ्याला काळा रंग फासला आणि पाठीवर पिवळा पट्टा ओढला.

त्याच वर्षी ल्युशियस अॅमरसन हे कोरियाच्या युद्धात लढलेले कृष्णवर्णीय गृहस्थ काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले. अमेरिकेत शेरीफ हा पोलिसांचा निवडलेला प्रमुख. दक्षिणेत पुनर्रचनेच्या काळानंतर या पदावर कृष्णवर्णीय माणूस प्रथमच आला. १९७० मध्ये फ्रेड ग्रे विधिमंडळात गेले, ऑल्स्टनला पळवून लावल्यानंतर शंभर वर्षांनी. १९७२ मध्ये तरुण जॉनी फोर्ड गोऱ्या महापौरांना हरवून महापौर झाले.

फोर्ड यांचे राजकारण गोमिलियन यांच्यापेक्षा लुईस अॅडम्सच्या जवळचे होते. १९७२ मध्ये त्यांनी रिपब्लिकन निक्सन यांना पाठिंबा दिला आणि केंद्राचा निधी गावात आणला. १९७४ मध्ये त्यांनी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना पाठिंबा दिला. हेच वॉलेस, त्यांनी १९६३ मध्ये टस्कीगीच्या शाळेत तेरा कृष्णवर्णीय मुले जाऊ नयेत म्हणून सशस्त्र पोलीस पाठवले होते. यावर पुष्कळांनी नाके मुरडली. पण मत म्हणजे देवाणघेवाणीचे साधन, हा व्यवहार टस्कीगीत १८८० पासूनचा होता.

नंतर

गोरे राहिले नाहीत. शाळा एकत्र झाल्यावर त्यांनी मुलांसाठी खासगी शाळा काढली, नंतर घरे विकली. १९५० च्या दशकात गावातला दर पाच माणसांत एक गोरा होता. २०१० च्या शिरगणतीत ते प्रमाण शंभरात दोन-तीन झाले. गावाची लोकसंख्या १९८० मध्ये १३,००० च्या पुढे गेली होती, २०२० मध्ये ती ९,३९५ भरली. दुकाने व कारखाने पुरेसे आले नाहीत आणि कराचे उत्पन्न आटले. सत्ता हाती आली तेव्हा तिजोरी हलकी होत होती.

म्हणून गोमिलियन चुकले का? ज्या आशेवर त्यांनी १९६४ चा निर्णय घेतला, की आपण संयम दाखवला तर गोरे शेजारी म्हणून राहतील, ती आशा फळाला आली नाही. निवृत्तीनंतर ते स्वतः टस्कीगी सोडून वॉशिंग्टनला राहायला गेले. १९९५ मध्ये वारले. पण समोरचा निघून गेला याचा दोष थांबणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. गोरे शाळेवरून गेले, आणि तो झगडा परिषदेतल्या जागांच्या वाटणीने सुटणारा नव्हता. डेट्रॉइट ली यांच्या गटाचा आग्रह मान्य झाला असता तर रस्ते आणि गटारे थोडी आधी आली असती, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, आणि अल्पमतातून बहुमतात येणाऱ्या कोणत्याही समाजाला त्यांच्यामधून वाट काढावी लागते.

आज मेकन काउंटीचे मतदान एकतर्फी असते. २००८ पासून २०२० पर्यंतच्या चारही अध्यक्षीय निवडणुकांत इथली ८० टक्क्यांहून अधिक मते डेमोक्रॅटिक उमेदवाराला पडली. अलाबामा राज्य मात्र १९८० पासून प्रत्येक वेळी रिपब्लिकन पक्षाकडे गेले आहे. ज्या पक्षाने १९०१ ची घटना केली त्याच पक्षाचे हे गाव आज बालेकिल्ला आहे, कारण मधल्या काळात दोन्ही पक्षांनी जागा बदलल्या. गावाने आपली जागा बदललेली नाही. मताधिकार वाढवणाऱ्याच्या बाजूने ते उभे राहत आले आहे.

हद्दीचा वादही संपलेला नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाबामाचा काँग्रेस मतदारसंघांचा नकाशा अमान्य करणारा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी कायम केला. राज्यात चौथ्या हिश्शाहून अधिक लोक कृष्णवर्णीय असताना सातांपैकी एकाच मतदारसंघात त्यांचे बहुमत ठेवले होते. न्यायालयाच्या देखरेखीखाली नवा नकाशा झाला, मेकन काउंटी त्यातल्या दुसऱ्या मतदारसंघात आली आणि २०२४ ची निवडणूक त्यावर झाली. गावचौकातला तो पुतळाही असाच हद्दीचा प्रश्न होऊन बसला. चौकाची जमीन काउंटीने १९०६ साली गोऱ्या महिलांच्या एका संघटनेला गोऱ्यांच्या बागेसाठी देऊन टाकली होती. २०२१ मध्ये नगर परिषदेचे सदस्य असलेले जॉनी फोर्ड पुतळा कापायला स्वतः करवत घेऊन चढले, आणि वाद कोर्टात गेला. सगळी परिषद निवडून आणता येते. शंभर वर्षांपूर्वीचे खरेदीखत मतपेटीतून बदलत नाही.

फ्रेड ग्रे यांच्या नकाशाकडे पाहून फ्रँकफर्टर यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. त्यासाठी कायद्याचे ज्ञान लागत नाही. कोणत्याही गावाची नवी हद्द, नवी प्रभागरचना समोर आली की कोणालाही तो विचारता येतो: इथे राहणारी माणसे या नकाशात कुठे आहेत?